पाणी तोडलं, लाइट कापली: खान्देशातल्या भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सतरा-अठरा वर्षं मी भुसावळला वकिलांच्या हाताखाली अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं लिहितो. मी स्वतः वकील नाही. पण होळी झाली की दरवर्षी एकाच तऱ्हेची माणसं टेबलाशी येऊन बसतात. मालकाने गच्चीवरचा कॉक बंद केलाय, मीटरची वायर काढलीय, घरात तान्हं मूल आहे आणि बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलाय. प्रश्नही तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली.

मालकाला पाणी किंवा लाइट अशी बंद करता येते का?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम २९ नेमकं यासाठीच आहे. वाजवी आणि पुरेसं कारण नसताना मालकाने स्वतः किंवा दुसऱ्याच्या हातून भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडायची नाही, अडवायची नाही. पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट, साफसफाई आणि संडास-मोरीची सोय हे सगळं त्यात येतं.

त्याच कलमातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मालकाने हाताने काहीच तोडलं नाही, पण पाणीपट्टी भरली नाही म्हणून पालिकेने नळ कापला, किंवा तुमच्याकडून दर महिन्याला लाइटचे पैसे घेऊन बिल थकवलं म्हणून महावितरणने जोडणी तोडली, तरी ते मालकानेच सेवा अडवल्यात धरलं जातं. ‘मी कुठे तोडली, बोर्डवाले तोडून गेले’ हे उत्तर चालत नाही.

माझंच दोन महिन्यांचं भाडं थकलंय. मग तर त्याचा हक्क झाला ना?

थकलेल्या भाड्यासाठी कायद्यात वेगळा रस्ता आहे, कलम १५. मालकाने लेखी मागणी करायची, नव्वद दिवस थांबायचं, तरी भाडं आलं नाही तर दावा लावायचा. दाव्याचं समन्स हाती पडल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी, तिच्यावर साल १५ टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च भरला तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करायचा हुकूम होत नाही. नळ बंद करणं हा त्या रस्त्यातला टप्पा नाही.

मात्र भाडं वेगळं आणि लाइटचं बिल वेगळं. सबमीटरचे (मालकाच्या मीटरच्या पुढे तुमच्या खोलीपुरता लावलेल्या मीटरचे) पैसे तुम्ही द्यायचे ठरलं होतं आणि तेच तुम्ही दिले नाहीत, तर कोर्टात तुमची बाजू लंगडी पडते. हातात दोन हजारच असतील तर आधी बिलाचे द्या.

पहिल्या दिवशी काय करू?

आधी खात्री करा की खरंच मालकाने बंद केलंय. हसू नका. मागच्या मे महिन्यात एक पोरगा तावातावाने नोटीस लिहायला आला. अर्ध्यावर त्याच्या बायकोचा फोन आला, की डीपी उडाली होती, अख्ख्या गल्लीची लाइट गेली होती आणि आता आली.

म्हणून शेजारी विचारा. लाइट फक्त तुमचीच गेली असेल तर मीटरपाशी जा, पण हात लावू नका, नुसतं बघा. कटआउट जागेवर आहे का, मेन स्विच कुणी पाडलाय का, सबमीटरमधून खोलीकडे जाणारी वायर सोडवलीय का. पाण्याचं असेल तर गच्चीवर जा. टाकीत पाणी आहे आणि तुमच्याच नळीचा कॉक आडवा फिरवलाय, हे डोळ्यांनी दिसतं. मोबाइलवर सलग एक व्हिडिओ घ्या. आधी टाकीतलं पाणी, मग कॉक, मग खाली येऊन तुमचा कोरडा नळ आणि शेजारच्याचा चालू नळ. मध्ये कॅमेरा बंद करू नका. हा दोन मिनिटांचा व्हिडिओ पुढे वीस पानांच्या तोंडी तक्रारीपेक्षा जास्त कामाला येतो.

महावितरणचा टोल फ्री क्रमांक १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. लाइनमनने येऊन ‘आमच्याकडून पुरवठा सुरू आहे’ असं सांगितलं की बिघाड मालकाच्या बाजूला आहे हे आपोआप ठरतं.

आणि मालकाला मेसेज करा. फोनवर भांडू नका. ‘नाना, आज सकाळी सातपासून आमच्या खोलीत पाणी नाही, गच्चीवरचा कॉक बंद दिसतोय, कृपया सुरू करा.’ इतकंच. निम्मी प्रकरणं या मेसेजवरच मिटतात, कारण नानांचा मुलगा तो वाचतो.

स्वतःच कॉक फिरवला किंवा वायर जोडली तर?

कॉक फिरवताना भांडण होईल, जास्तीत जास्त. विजेच्या बाबतीत मात्र ते धाडस नको. मीटरमध्ये हात घातला किंवा खांबावर आकडा टाकला, तर तक्रारदार तुम्ही असूनही वीज कायद्याखाली आरोपी तुम्हीच होता. शेजारच्या घरातून वायर ओढून घेणंही टाळा, त्यात शेजारी अडकतो.

नोटीस कशी लिहायची? वकीलच लागतो का?

लागत नाही. साध्या कागदावर, साध्या मराठीत. माझ्याकडचा साचा असा असतो:

‘आपल्या मालकीच्या घराच्या पहिल्या मजल्यावरील खोलीत मी जून २०२३ पासून भाडेकरू म्हणून राहत असून दरमहा ५,५०० रुपये भाडे मार्चअखेर दिलेले आहे. दि. १८ एप्रिल रोजी सकाळी सातच्या सुमारास आपण गच्चीवरील टाकीतून माझ्या खोलीकडे येणाऱ्या नळीचा कॉक बंद केला. तेव्हापासून माझ्या कुटुंबास पाणी नाही. ही कृती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ विरुद्ध आहे. ही नोटीस मिळताच पाणी सुरू करावे, अन्यथा मला न्यायालयात अर्ज करावा लागेल.’

यात ‘तुम्ही माजला आहात’, ‘तुमच्या पोराने माझ्या बायकोकडे बघून’ वगैरे घालू नका. राग खरा असतो, पण नोटिशीत तारीख, वेळ, कॉक आणि भाड्याचा शेवटचा महिना एवढंच टिकतं. स्पीड पोस्टने पोच मागवून पाठवा, शिवाय फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाका. मालकाने पाकीट परत पाठवलं तर ते न फोडता तसंच जपून ठेवा.

पाणीच देत नाही, तर मी भाडं कशाला देऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. माझंही झालंय.

मी टायपिंग शिकत होतो, जळगावला एका खोलीत राहायचो. मालकाने पाणी बंद नाही केलं, त्याने कॉकची मूठच पकडीने काढून खिशात घातली. मनात येईल तेव्हा गच्चीवर जायचा, मूठ बसवून अर्धा तास पाणी सोडायचा आणि मूठ काढून खाली यायचा. मी चिडून दोन महिने भाडं दिलं नाही. मालकाने नोटीस पाठवली, तीत कॉकचा उल्लेखही नव्हता. होतं ते एवढंच, की सदर इसम भाडे थकवतो. माझ्याकडे ना व्हिडिओ, ना एक ओळीचा कागद. आठवडाभरात पेटी उचलून निघालो. डिपॉझिट तिकडेच राहिलं.

म्हणून भाडं थांबवू नका. कलम १५ चं संरक्षण भाडं देणाऱ्याला किंवा द्यायला तयार असणाऱ्याला आहे. मालक घेत नसेल तर ऑनलाइन पाठवा, मनीऑर्डर करा. ती ‘नाकारली’ असा शेरा मारून परत आली तर तो शेरा म्हणजे तुमचा पुरावा. पावती मागा. पावती देणं मालकावर कलम ३१ ने बंधनकारक आहे.

एक रीतसर वजावट मात्र आहे, ती दुरुस्तीची. मोटर जळली, नळी फुटली, वायरिंग जुनं झालं आणि करारात दुरुस्ती तुमच्या गळ्यात घातलेली नसेल, तर ती मालकाची जबाबदारी, कलम १४. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. वाजवी वेळेत त्याने केलं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा अशी, की एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कापता येत नाही. भाडं ६,००० असेल तर वर्षाचे ७२,०००, म्हणजे कापायला वाव १८,०००. मोटर रिवाइंड करून नळी बदलायला तेवढे पुरतात. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या. कागदाच्या चिटोऱ्यावर ‘मोटर ३२००’ लिहून आणू नका.

कोर्टात अर्ज कुठे करायचा? किती दिवस लागतात?

आपल्याकडे तालुक्याच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या कोर्टात. लघुवाद न्यायालय मुंबई-पुण्याकडे असतं, ते इथे शोधत बसू नका. अर्जासोबत अंतरिम आदेश मागा. पूर्ण चौकशी व्हायच्या आधीच, अमुक तारखेच्या आत पुरवठा सुरू करा, असा हुकूम कोर्ट देऊ शकतं. एकाच इमारतीतले सगळे भाडेकरू मिळून एकच अर्ज करू शकतात, आणि चार जणांचा अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा वजनदार दिसतो.

हुकूम मोडला तर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड. गुन्हा शाबीत झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. शंभर रुपये ऐकून लोक हसतात, आणि बरोबरच आहे, १९९९ चे आकडे आहेत. आज तेवढ्यात पाण्याचे तीन-चार जार येतात. पण मालक घाबरतो तो शंभराला नाही, कैदेच्या शब्दाला आणि कोर्टाच्या पायरीला.

माझा करार अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स आहे. हे सगळं मला लागू आहे का?

इथे जपून. कलम २९ ‘भाडेकरू’ म्हणतं आणि लीव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो. मालकाचा वकील पहिला हाच मुद्दा काढतो. अशा वेळी करारातल्या अटींवर बोट ठेवून दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागावा लागतो. म्हणून करार करतानाच एक ओळ घालून घ्या, की ‘पाणी व वीज पुरवठा कराराच्या मुदतीत अखंड ठेवण्याची जबाबदारी मालकाची राहील.’ शिक्कामोर्तब व्हायच्या आधी कुणी नाही म्हणत नाही, नंतर कुणी हो म्हणत नाही.

मुदत संपल्यावर मात्र अडून बसू नका. कलम २४ खाली मुदतीनंतरच्या राहण्याची दुप्पट दराने वसुली होऊ शकते.

कागदच नाही. तोंडी ठरलंय.

खान्देशात निम्म्या खोल्या तोंडीच दिल्या जातात. पण करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. न नोंदवल्याबद्दल मालकाला शिक्षाही आहे. तेव्हा कागद नाही म्हणून गळाठू नका. भाडं ऑनलाइन दिल्याच्या नोंदी, गॅसची पावती, मुलाच्या शाळेतला पत्ता, शेजाऱ्यांची साक्ष यातून भाडेकरी उभी राहते.

माझ्या नावाने वेगळा मीटर मिळेल का? मालक ना हरकत देत नाही.

मिळेल, आणि या सगळ्या यादीत मला सर्वांत कामाचं उत्तर हेच वाटतं.

वीज कायदा २००३ चं कलम ४३ जागेच्या ‘मालकाला किंवा कब्जेदाराला’ पुरवठा द्यायला सांगतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वीज ही मूलभूत सोय आहे, मालकाने ना हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच वीज कंपनीने पाहायचं. भाडे कायद्याच्या कलम २९ मध्येही आहेच, की स्वतःच्या खर्चाने सोय मागणाऱ्या भाडेकरूला पालिकेने किंवा संबंधित प्राधिकरणाने मालकाच्या ना हरकतीचा आग्रह न धरता परवानगी द्यायला हरकत नाही. म्हणजे नळालाही हाच न्याय.

प्रत्यक्षात खिडकीवर काय होतं? कारकून म्हणतो, ‘भाऊ, एनओसी आणा.’ तुम्ही भांडू नका. अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक घ्या आणि नकार द्यायचा असेल तर तोही लेखी मागा. लेखी नकार कुणी देत नाही, फाइल पुढे सरकते. ताबा दाखवायला करार, पावत्या, आधारवरचा पत्ता जोडा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ ला दुरुस्ती झाल्यापासून नव्या जोडणीची मुदत पालिका हद्दीत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस आहे. नवे खांब, नवी लाइन लागणार असेल तर वेळ वाढतो. दाद लागली नाही तर महावितरणच्या जळगाव परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्यातच येतात.

जुन्या मीटरवर थकबाकी असेल तर ती तुमच्या अर्जाच्या आड येऊ शकते. तेवढं आधी विचारा.

सबमीटरचा दर मालक म्हणेल तो द्यायचा का?

मूळ बिलाची प्रत मागा. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते. शंभर युनिटांपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, मग आणखी वरचे. पाच खोल्या एकाच मीटरवर असल्या की सगळ्यांची बेरीज वरच्या टप्प्यात जाते, आणि ऐंशी युनिट जाळणारी एकटी मावशी पाचशेवाल्याचा दर भरते. दरवेळी मालक लबाडच असतो असं नाही, मीटरचं गणितच तसं आहे. त्यावर खरा इलाज म्हणजे वर सांगितलेला स्वतंत्र मीटर. तोवर एकूण बिल भागिले एकूण युनिट, असा सरासरी दर लावून घ्या. त्याच्यावर दोन रुपये जास्त मागत असेल तर तो वीज विकतोय, आणि ती विकायचा परवाना त्याच्याकडे नाही.

मालक कूलर लावू देत नाही.

एप्रिल-मेत आपल्याकडे हा चैनीचा प्रश्न नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी तीनला पंखा नुसती गरम हवा फिरवतो. पण कूलर कलम २९ च्या यादीत नाही, म्हणून इथे कायद्यापेक्षा हिशोब कामाला येतो. मालकाच्या दोन तक्रारी असतात, लाइट आणि पाणी. दोनशे वॉटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिट होतात. पाणी मात्र खरंच लागतं, कोरड्या हवेत मोठा कूलर दिवसाला दोन-तीन बादल्या सहज पितो. ते वापरायचं पाणी टिपाडात वेगळं भरून ठेवलं आणि तसं सांगितलं की बहुतेक मालकीणकाकू ऐकतात.

अर्थिंग मात्र बघून घ्या. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेला बोर्ड यातून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. अर्थिंग आणि ट्रिपर (करंट गळला की लाइट आपोआप तोडणारा स्विच) मालकाकडे दुरुस्ती म्हणून मागा. पाणी भरताना पिन काढा.

नळालाच चार दिवसांनी पाणी येतं. त्यात मालकाचा काय दोष?

काही नाही. पालिकेचाच रोटेशन असेल तर मालकावर अर्ज करून उपयोग नाही. पण आलेलं पाणी त्याच्या टाकीत चढतं आणि तुमच्याकडे उतरत नाही, हा दोष त्याचा. टँकर मागवला तर वाटणी कशी, हे आधीच ठरवून मेसेजवर घ्या.

परदेशात घर गरम ठेवायचा कायदा असतो म्हणे. हिवाळ्यात आम्हाला गिझर मागता येईल का?

असतो. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात मालकाला घर तापवून द्यावंच लागतं. दिवसा बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं तर आत किमान ६८, म्हणजे २० सेल्सिअस, आणि रात्री किमान ६२, म्हणजे साधारण १७. आपल्याकडे असा नियम नाही, जरी धुळ्यात आणि तोरणमाळला जानेवारीत दात वाजतात.

गिझर खोलीसोबत दिलेला असेल आणि करारात किंवा मेसेजमध्ये त्याचा उल्लेख असेल तर तो दुरुस्त करून मागता येतो, दिलाच नसेल तर नाही. बिनखिडकीच्या न्हाणीत गॅस गिझर लावू नका आणि दारं लावून खोलीत शेकोटी पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

पोलीस तक्रार घेत नाहीत, ‘दिवाणी मामला आहे’ म्हणतात.

नुसता कॉक बंद असेल तर ते असं म्हणणारच. पण मालकाने धमकी दिली, सामान बाहेर फेकलं, कुलूप लावलं, तर तो फौजदारी विषय आहे. ११२ लावा. ठाण्यात निदान अदखलपात्र नोंद करून तिची प्रत घ्या. बळजबरीने बाहेर काढलंच, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. सहा महिने उलटले की हा रस्ता बंद, म्हणून गावी जाऊन बसू नका.

आम्ही खेड्यात राहतो. हा कायदा तिथे चालतो का?

भाडे नियंत्रण कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या शहर-गावांनाच लागतो. बाकी ठिकाणी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ आहे. त्याच्या कलम १०८ नुसार भाडं देणाऱ्याला निर्वेध राहू देणं मालकावर बंधनकारक आहे. जी दुरुस्ती मालकाने करायची, ती नोटीस देऊनही वाजवी वेळेत झाली नाही तर स्वतः करून भाड्यातून वळती करता येते. मीटरचा हक्क मात्र रावेरच्या मळ्यातल्या खोलीलाही तितकाच आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समिती गाठा, कोर्टाच्या आवारातच असते. फोन १५१००. बाईच्या नावाने अर्ज असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही. बाकी बहुतेकांना वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असावं लागतं. म्हणून मी आधी विचारतो, ‘पावत्या ताईंच्या नावावर आहेत का?’

घर सख्ख्या मामाचं आहे. भाडं देतो, पण नोटीस कशी पाठवणार?

नका पाठवू. पण नात्यात राहणाऱ्याला पुढे ‘भाचा म्हणून ठेवला होता, भाडेकरू कुठला’ असं सुनावलं जातं, आणि तेव्हा रोख दिलेल्या पैशांना कुणी साक्षीदार नसतो. या महिन्यापासून मामांना पैसे ऑनलाइन पाठवा आणि खालच्या टिपणीत ‘मे महिन्याचं भाडं’ एवढं लिहा.